आउटलुकच्या टिकिटांवर दिवस जातो, मग सर्टिफिकेशन कुठलं करू?

टिकीट_क्लोज_करा (२९ ऑगस्ट २०२४)

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात एका मध्यम कंपनीत आयटी हेल्पडेस्कला आहे, साडेतीन वर्षं झाली. शिक्षण बीकॉम. साधारण ४०० युजर, सगळे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, आणि माझ्या वाट्याला येतं ते निम्म्याहून जास्त आउटलुकचंच. मेल जात नाही, मेल येत नाही, मेल आली होती पण आता दिसत नाही, साहेबांचं कॅलेंडर पीएला उघडत नाही, हे असं रोज.

आता मॅनेजर म्हणतायत मार्चच्या आत एखादं सर्टिफिकेशन कर, अप्रेजलला दाखवता येईल. कंपनी २५ हजारापर्यंत देणार पण पास झाल्यावर बिल लावायचं. शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. एमएस-९००, एमडी-१०२, एमएस-१०२, एमओ-४००, ए प्लस, आयटीआयएल, काय काय. इथल्याच एका क्लासला फोन केला तर तिथल्या मॅडम ४५ हजारात 'मेसेजिंग एक्स्पर्ट' करून देतो म्हणाल्या, त्यात एमएस-२०३ ची तयारी, वर प्लेसमेंटला मदत. मित्र म्हणतो ए प्लस कर, जगात चालतं. मॅनेजरना विचारलं तर 'तूच बघ, चांगलं काहीतरी'.

तुम्ही काय केलंत आणि त्याचा टेबलावर बसल्यावर खरंच उपयोग झाला का?

कोड_पंडित

सपोर्टमधून बाहेर पड. आउटलुकचं सर्टिफिकेशन म्हणजे टाइपरायटर दुरुस्तीचा डिप्लोमा. एझेड-९०० कर, मग एझेड-१०४, क्लाउडला जा. साडेतीन वर्षं पासवर्ड रिसेट करून झाले ना, बास की.

हेडर_वाचक (३० ऑगस्ट)

पहिली गोष्ट, त्या क्लासला लांबूनच नमस्कार कर. एमएस-२०३ ही परीक्षा मायक्रोसॉफ्टने केव्हाच बंद केली आहे. नोट्स जुन्या पडल्यात म्हणून ४५ हजारात विकायला काढल्या असतील. कुठल्याही क्लासला पैसे भरायच्या आधी मायक्रोसॉफ्ट लर्नवर त्या परीक्षेचं पान उघडायचं, परीक्षा रिटायर झाली असेल किंवा होणार असेल तर तिथे लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तू दिलेल्या नावांबद्दल. एमएस-९०० म्हणजे तोंडओळख. क्लाउड म्हणजे काय, ३६५ मध्ये काय काय येतं, लायसन कसली कसली, सपोर्ट कसा मिळतो. ४५ मिनिटांचा पेपर, १००० पैकी ७०० लागतात, एकदा पास झालास की एक्स्पायर होत नाही. साडेतीन वर्षं काम केलेल्याला दोन शनिवार पुरतील पण आउटलुक बंद पडलं तर त्यातलं एक अक्षर कामाला येणार नाही.

एमओ-४०० म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टमधला आउटलुकचा पेपर. आउटलुक *वापरता* येतं का ते बघतात. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये कामं करून दाखवायची, सेटिंग, मेसेज, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट आणि टास्क. चांगला आहे पण तो युजरचा पेपर, दुरुस्त करणाऱ्याचा नाही.

एमडी-१०२ एंडपॉइंट अ‍ॅडमिनचा. लॅपटॉप, इनट्यून (कंपनीची मशिनं दुरून सांभाळायचं साधन), ऑटोपायलट (नवा लॅपटॉप आपोआप सेट करणारं), ऑफिस अ‍ॅप्स मशिनवर ढकलणं, साइन-इनचे नियम. एमएस-१०२ त्याच्या वरचा, आख्खा टेनंट, म्हणजे कंपनीचं सगळं ३६५ सांभाळणाऱ्याचा, आणि नुसता तो पेपर पास होऊन एक्स्पर्ट बिरूद मिळत नाही, सोबत एमडी-१०२ सारखं एक असोसिएट लागतंच.

म्हणजे गंमत बघ, तू दिवसभर जे काम करतोस त्याचा नेमका पेपर आज मायक्रोसॉफ्टकडे नाहीच.

निवृत्त_सिसॅडमिन

होता हो एकेकाळी. एक्सपीच्या जमान्यात एमसीडीएसटी नावाचं सर्टिफिकेट होतं, डेस्कटॉप सपोर्ट टेक्निशियनसाठी खास. दोन पेपर, ७०-२७१ आणि ७०-२७२. दुसरा पेपर युजरच्या अ‍ॅप्लिकेशनचाच, आउटलुक, आउटलुक एक्सप्रेस, मेल अकाउंट लागत नसेल तर काय बघाल, असले प्रश्न. सर्व्हरचं एमसीएसई केलेले आम्हाला हसायचे पण प्रिंटर आणि पीएसटीला (आउटलुकची मेल साठवायची फाइल) हात लावायची वेळ आली की तेच आमच्या टेबलाशी यायचे. मग तेही गेलं, २०२१ च्या जानेवारीअखेर एमसीएसएही गेलं आणि एमसीएसईही. आता सगळं रोलप्रमाणे.

रच्याकने, एनके२ फाइल आठवते का कुणाला? टू मध्ये नाव टाइप करताना जे आपोआप पुढे येतं ते सगळं त्या फाइलमध्ये असायचं. मशीन फॉरमॅट करताना ती कॉपी करायला विसरलं की डायरेक्टर फोनवर, 'माझे कॉन्टॅक्ट उडाले'. कॉन्टॅक्ट त्याने आयुष्यात एकही सेव्ह केलेला नसायचा.

टिकीट_क्लोज_करा

काका, तो फोन अजून येतो, फाइल बदलली फक्त 😀

एडिसनकर (३१ ऑगस्ट)

इकडे न्यू जर्सीत हेल्पडेस्कची जाहिरात काढली की ए प्लस लिहिलेलं असतंच, एचआरचा फिल्टर आहे तो. पण दोन पेपर आहेत, प्रत्येकी ९० मिनिटं, आणि एकेका व्हाउचरला अडीचशे डॉलरच्या आसपास पडतात. शिवाय ३ वर्षांनी रिन्यू. अभ्यासक्रमात रॅम, केबल, प्रिंटरचा ड्रम, वायफाय, व्हायरस, सगळं, मेलचा वाटा चिमूटभर. तू पुण्यातच राहणार असशील तर मला तरी तो खर्च पटत नाही, भारतातल्या किती कंपन्या विचारतात ते इथलेच लोक सांगतील.

आयटीआयएल (आयटी सेवा कशी चालवावी त्याची पद्धत) फाउंडेशन आमच्या मॅनेजर मंडळींना आवडतं. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. इन्सिडंट कशाला म्हणायचं आणि प्रॉब्लेम कशाला, हे कळतं. आउटलुक सुरू होत नाही.

एमएससीआयटी_वाली_ताई (१ सप्टेंबर)

मी तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीचं सेंटर चालवते, म्हणून थोडं वेगळं बोलते. एमओ-४०० ला युजरचा पेपर म्हणून उडवून लावू नका. सपोर्टला बसणाऱ्या किती मुलांना नियम म्हणजे रूल्स नीट लावता येतात? पीएला कॅलेंडर शेअर करणं आणि डेलिगेट करणं यातला फरक किती जणांना तोंडपाठ सांगता येतो? परीक्षा नका देऊ, पण त्याच्या पानावर कौशल्यांची यादी फुकट आहे ती घ्या आणि एकेक गोष्ट स्वतः करून बघा. मी सेंटरवर तशीच करून घेते.

आणि आपल्याकडचा एक त्रास कुठल्याच परीक्षेत येत नाही. फॉन्ट. एका कार्यालयातून (नाव नको) मला रडकुंडीला येऊन फोन आला, वरिष्ठांना मराठीत पाठवलेलं पत्र तिकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसतंय, मेल हॅक झाली का? मी गेले. मुलगी कृतिदेवमध्ये टाइप करत होती, वर्डमधून उचलून मेलमध्ये पेस्ट. तिच्या मशिनवर कृतिदेव आहे म्हणून तिला मराठी दिसतं, समोरच्याकडे फॉन्ट नाही म्हणून त्याला आतली मूळ इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडचा कीबोर्ड चालू करून दिला, जुनी पत्रं कन्व्हर्टरने बदलून दिली. ती म्हणाली आठ वर्षं अशीच पाठवतेय, कोणी काही बोललं नाही. आठ वर्षं! म्हणजे तिकडे कुणी वाचतच नव्हतं बहुतेक.

हेडर_वाचक

ताई __/\__ यादीबद्दल पूर्ण सहमत, शब्द मागे घेतो.

पणजीकार

देव बरें करूं. मी छोट्या हॉटेलांचं आयटी बघतो, कुठे गुगल वर्कस्पेस, कुठे ३६५, कुठे अजून होस्टिंगवाल्याची मेल. माझा अनुभव असा की या महिन्यात कोणी विचारलंच तर नवं आउटलुक शिक. १ ऑगस्टला ऑफिसवाल्यांसाठी ते रीतसर बाहेर आलं आणि वरच्या कोपऱ्यातलं ते बटण लोक कुतूहलाने दाबतात. मग जुनी अ‍ॅड-इन गायब, पीएसटी उघडत नाही, आणि 'माझ्या फोल्डर्स खंय गेल्यो'. बटण परत ढकललं की सगळं जागेवर. जुनं क्लासिक निदान २०२९ पर्यंत तरी सांभाळणार असं मायक्रोसॉफ्ट म्हणतंय, म्हणजे पुढची चार-पाच वर्षं दोन्ही यायला हवीत. छापील पुस्तकाच्या नादी लागू नकोस, हातात येईपर्यंत स्क्रीन बदललेली असते.

कोड_पंडित

म्हणजे मी म्हणतो तेच, बटण ढकलायला सर्टिफिकेशन कशाला?

हेडर_वाचक (२ सप्टेंबर)

पंडितजी, एक किस्सा ऐका, मग बोला.

आमच्याकडे एक बाई नोकरी सोडून गेल्या, वर्षभराने परत आल्या. नवीन मेलबॉक्स, पत्ता तोच जुना. आठवड्याभरात तक्रार, काही लोकांच्या मेल त्यांना पोचतात, काहींच्या बाउन्स. बाहेरच्या व्हेंडरच्या सगळ्या येतात, आतल्याच लोकांच्या अडकतात. तीन जणांनी पत्ता तपासला, स्पेलिंग बरोबर. एकाने आउटलुक काढून परत टाकलं. एकाने नवीन प्रोफाइल केलं. कोणी म्हणालं बाईंचाच लॅपटॉप खराब.

बाउन्स मेल कोणी पूर्ण वाचली नव्हती. मी खालपर्यंत गेलो तर ५५० ५.१.१ (म्हणजे असा पत्ताच नाही) आणि पत्त्याच्या जागी आयएमसीईएईएक्सने सुरू होणारी लांबलचक दोरी. म्हणजे पाठवणाऱ्याचं आउटलुक साधा पत्ता वापरतच नव्हतं, टाइप करताना पुढे येणाऱ्या यादीत बाईंच्या *जुन्या* मेलबॉक्सचा आतला पत्ता बसला होता आणि तो मेलबॉक्स केव्हाच पुसला गेलेला. जुन्या मेलला रिप्लाय केला तरी तेच. बाहेरच्या व्हेंडरकडे तो आतला पत्ता कधी नव्हताच, म्हणून त्याची मेल बिनघोर पोचायची.

एका माणसापुरतं करायचं तर त्या यादीतल्या नावापुढची फुली दाबून नाव काढायचं आणि अ‍ॅड्रेस बुकमधून परत निवडायचं. पण आमच्याकडे दोनशे लोक. मग त्या दोरीतले अंडरस्कोअर स्लॅश केले, प्लस वीस होता तिथे स्पेस, शेवटचं डोमेन उडवलं, आणि ते बाईंच्या नव्या मेलबॉक्सला एक्स५०० म्हणजे आतल्या प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडलं. पुढच्या तासाभरात एकही बाउन्स नाही. दोनशेपैकी कुणाच्याही लॅपटॉपला हात लावला नाही.

हे टाइपरायटर दुरुस्तीत येत नाही.

कोड_पंडित

ठीके ठीके, हे भारी आहे. पण मग हे शिकवणारं सर्टिफिकेट कुठलं?

हेडर_वाचक

कुठलंच नाही. म्हणून धागाकर्त्याला एक काम सांगतो. गणपतीत चार दिवस मिळतील, आरतीच्या मधल्या वेळात मागच्या तीन महिन्यांची तुझी टिकिटं एक्सेलमध्ये काढ आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिही, बंद करताना *नक्की काय केलंस*. युजरने काय लिहिलंय ते नाही, तो 'आउटलुक चालत नाही' एवढंच लिहितो. मग परीक्षेचं बोलू.

निवृत्त_सिसॅडमिन

+१. आणि जी टिकिटं तू वरच्या टीमला ढकललीस ती वेगळ्या रंगात कर. तुझा अभ्यासक्रम त्या रंगात आहे.

टिकीट_क्लोज_करा (११ सप्टेंबर)

उशीर झाला, घरी दीड दिवसाचा असतो पण सोसायटीचा दहा दिवसांचा आणि डेकोरेशन माझ्या गळ्यात. तर काढली टिकिटं, आउटलुकची म्हणून नोंदवलेली १४० च्या वर निघाली. स्वतःच चकित झालो.

सगळ्यात मोठा ढीग मेलचा नाहीच! नवीन फोन घेतला, जुन्यावरचं ऑथेंटिकेटर (साइन-इनची खात्री करणारं अ‍ॅप) गेलं, साइन-इन होत नाही. युजरला आउटलुक पासवर्ड मागतं म्हणून तो आउटलुकचं टिकीट टाकतो. हे सगळं मी वर ढकललंय कारण मला अधिकार नाहीत.

मग शेअर्ड मेलबॉक्स आणि कॅलेंडरच्या परमिशन. मग सर्च, म्हणजे मेल आहे पण शोधली की सापडत नाही. मग ५० जीबीला जाऊन थडकलेल्या ओएसटी (मेलबॉक्सची मशिनवरची प्रत) आणि पीएसटी. डिलीट झालेली मेल परत आणा, यात मला आजवर वाटायचं की १४ दिवसच मिळतात, आत्ता वाचताना कळलं की १४ हा डिफॉल्ट आहे आणि अ‍ॅडमिन ३० पर्यंत वाढवू शकतो, वरच्यांना सांगितलं तर म्हणे बघू.

खरोखर मेल वाटेत अडकलेली, बाउन्स, स्पॅममध्ये गेलेली, अशी जेमतेम डझनभर.

आणि नऊ टिकिटं, मोजून नऊ, वर्क ऑफलाइन. सेंड रिसीव्ह टॅबवरचं ते बटण. त्यातली पाच एकाच माणसाची, सेल्सचे एक सर. विमानात बसताना स्वतःच दाबतात आणि उतरल्यावर मला फोन करतात.

एमएससीआयटी_वाली_ताई

नऊ! 😂 सरांच्या लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवा.

एडिसनकर

फोन बदलण्याचा ढीग इकडेही तसाच. मग उत्तर मिळालंच की. एमएस-९०० सोड, एमओ ची यादी ताई म्हणतात तशी घरी कर, आणि पैसे एमडी-१०२ ला लाव. साइन-इन, डिव्हाइस, ऑफिस अ‍ॅप्स, तुझा वरचा रंगीत ढीग बराचसा त्यात येतो.

हेडर_वाचक (१२ सप्टेंबर)

हेच. पेपर पाच हजाराच्या आसपास, टॅक्स वेगळा. क्लास लावू नकोस, लर्नवर सगळं फुकट आहे, सराव परीक्षासुद्धा. पेपर चालू असताना लर्न उघडून बघायची परवानगी असते पण वेळ तेवढाच, कुठे काय लिहिलंय माहीत नसेल तर शोधण्यातच जातो. सर्टिफिकेट वर्षभर चालतं, मग घरबसल्या फुकट रिन्यू, आधीच्या सहा महिन्यांत कधीही.

सरावाला टेनंट लागेल. डेव्हलपर प्रोग्रामचा फुकट सँडबॉक्स आता सरसकट मिळत नाही, यंदाच्या जानेवारीपासून कडक केलंय. बिझनेस प्रीमियमची महिन्याची ट्रायल घे, त्यात इनट्यून येतं, पण कार्ड द्यावं लागतं, कॅन्सल करायची तारीख मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेव. आणि ट्रायल आत्ताच सुरू करू नकोस, आधी वाचून घे, महिना हां हां म्हणता संपतो.

मेल फ्लोसाठी परीक्षा नको, सवय हवी. आठवड्याला एका मेलचा हेडर (वाटेतल्या सर्व्हरच्या नोंदी) पूर्ण वाच, एक मेसेज ट्रेस (मेल कुठे गेली त्याचा माग) वरच्या टीमसोबत बसून बघ, एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनची का ते तपासायच्या नोंदी) तुमच्या डोमेनचं काय लावलंय ते बघ. गुगल आणि याहूने फेब्रुवारीपासून गठ्ठ्याने मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय, तुमच्या मार्केटिंगवाल्यांची तक्रार येईलच.

आणि डंप (परीक्षेतून चोरलेले प्रश्न) वापरू नकोस. पकडलं तर रिझल्ट रद्द, नाही पकडलं तर मुलाखतीत मी बसलेला असेन.

पणजीकार

घरून पेपर देणार असशील तर एक सांगतो. टेबल मोकळं, खोलीचे चारी बाजूंनी फोटो, मध्ये कोणी आत आलं तर पेपर बंद होऊ शकतो. माझी आई चहा घेऊन आली होती. नशीब, दाराला कडी होती. बाहेरून हाका मारत होती ते प्रॉक्टरने (ऑनलाइन पर्यवेक्षकाने) ऐकलं आणि वॉर्निंग दिली. सेंटरवर जा.

टिकीट_क्लोज_करा (२२ फेब्रुवारी २०२५)

धागा वर काढतोय. काल एमडी-१०२ दिली. ६८४. सोळा मार्कांनी गेली.

साइन-इनचे, ऑफिसचे प्रश्न मस्त गेले. ऑटोपायलट आणि कम्प्लायन्स पॉलिसीने मारलं. ट्रायल डिसेंबरात घेतली आणि नेमकं इयर एंडचं काम आलं, महिन्यात एकूण सहा दिवस हात लागला. ऑफिसात इनट्यून बघायचे अधिकार मागितले होते, नुसते बघायचे, तेही मिळाले नाहीत, 'सिक्युरिटी'. मॅनेजर म्हणाले पास झाल्यावरच बिल, त्यामुळे हे पैसे माझेच.

हेडर_वाचक

दुसरा प्रयत्न २४ तासांनी देता येतो, पण रागाच्या भरात उद्याचाच स्लॉट घेऊ नकोस, तो गेला तर पुढे १४ दिवस थांबावं लागतं. रिपोर्टमध्ये कुठल्या भागात आलेखाची काठी आखूड आहे ते बघ आणि तेवढंच तीन आठवडे कर. एक जुना लॅपटॉप पैदा कर आणि ऑटोपायलटने दोनदा उभा कर. वाचून ते डोक्यात बसत नाही, त्याची स्क्रीन फिरताना बघावी लागते.

निवृत्त_सिसॅडमिन

मी ७०-२७१ दोनदा दिली होती. घरी आजही एकदाच माहीत आहे.

टिकीट_क्लोज_करा (२४ मार्च २०२५)

७३८! भावाचा जुना लॅपटॉप चार वेळा पुसला, तो आता देत नाही म्हणतोय मला काहीच. बिल दुसऱ्या प्रयत्नाचंच मंजूर झालं. पण पासचा कागद दाखवल्यावर फोन बदलणाऱ्यांचं ऑथेंटिकेटर रिसेट करायचा अधिकार मिळाला, म्हणजे तो आख्खा ढीग आता माझ्याच टेबलावर मिटतो, तासात.

सेल्सचे सर परवा चेन्नईला गेले होते. उतरल्यावर फोन आला.

ताई, तुम्हाला सेंटरच्या मुलांसाठी माझी टिकिटांची यादी हवी होती ना, युजरची नावं काढून पाठवतो. पीडीएफ करून.

एमएससीआयटी_वाली_ताई

अभिनंदन!! एक्सेलच पाठव रे, पीडीएफमध्ये मुलांना फिल्टर लावता येत नाही. फॉन्ट बघून घेईन मी.